ॲसिडची बॅटरी की लिथियमची? गाडी घेण्याआधी हिशेब करा

मासवण, मनोर, बोईसर या पट्ट्यात आता बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर आणि तीनचाकी गाड्या जागोजागी दिसू लागल्या आहेत. तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा पोरगा स्कूटर घेतो आणि भाजीपाला करणारा त्याचा बाप मालासाठी तीनचाकी घ्यावी का, याचा विचार करतो. गावोगाव फिरताना बियाणे-खतांच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न आता हमखास निघतो : "साहेब, ॲसिडवाली घेऊ का लिथियमवाली? दुकानदार तर म्हणतो, दोन्ही सारख्याच."

दोन्ही सारख्या नाहीत. शिवाय 'लिथियमवाली' ही काही एकच जात नव्हे. गाडीच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचा असतो. ती चुकीची निघाली तर दीड वर्षात पुन्हा कर्ज काढायची पाळी येते. आणि हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वसईला, घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. जवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दगावला. म्हणून शेतकरी बंधूंनी आणि त्यांच्या मुलांनी ही माहिती शांतपणे वाचावी.

गोणीवरचा ग्रेड पाहतो, तसाच बॅटरीचा पाहा

आपण दुकानात जाऊन नुसते 'खत द्या' असे म्हणत नाही. युरिया की डीएपी, १०:२६:२६ की १५:१५:१५, हे बघूनच गोणी उचलतो. बॅटरीचेही तसेच आहे. आपल्याकडच्या गाड्यांत मुख्यतः तीन प्रकार येतात.

१) शिसे-आम्ल : हीच आपली ॲसिडची बॅटरी. ट्रॅक्टरला, इन्व्हर्टरला, बहुतेक फवारणी पंपांना हीच असते. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी ती शोधली. जुनी, ओळखीची, स्वस्त, आणि कुठलाही बॅटरीवाला दुरुस्त करतो.

२) एलएफपी : लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांची बॅटरी. हे फॉस्फेट म्हणजे आपल्या सुपर फॉस्फेटमधलेच. मूळ खनिज एकच. १९९०च्या दशकात अमेरिकेत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत हा प्रकार पुढे आला. लिथियम बॅटरीवरील कामासाठी त्यांना इतर दोघांबरोबर २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

३) एनएमसी : यातही लिथियम, पण सोबत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट. याचे तर खतासारखे ग्रेडच असतात. '८११' म्हणजे निकेल ८ भाग, मँगनीज १, कोबाल्ट १. निकेल वाढवले की ताकद वाढते, पण बॅटरी अधिक नाजूक होते.

वजन कुणाचे वाहायचे, मालाचे की बॅटरीचे?

एक किलो वजनात ॲसिडची बॅटरी ३० ते ४० वॅट-तास वीज साठवते. एलएफपीचा सेल साधारण १५०, तर एनएमसीचा २०० ते २५०.

आता आपल्या मापात पाहू. तीनचाकीला १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवरच्या चार ॲसिड बॅटऱ्या लागतात. चारींचे वजन ११० ते १२० किलो भरते. तेवढ्याच क्षमतेची एलएफपी ४५-५० किलोत बसते. मधला फरक म्हणजे टोमॅटोचे तीन क्रेट. ॲसिडची बॅटरी घेतली की प्रत्येक फेरीला हे तीन क्रेट फुकट वाहायचे.

दुसरी गोष्ट. या चार बॅटऱ्यांत कागदावर ४.८ युनिट वीज असते, पण ॲसिडची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे २.४ युनिट. एलएफपीची ५.१ युनिटपैकी ८० टक्के, म्हणजे ४ युनिट बिनघोर वापरता येते. समजा भरलेली गाडी एका युनिटला १२ किलोमीटर चालते. मग ॲसिडवर २९ किलोमीटर, एलएफपीवर ४८.

त्यात मासवणहून पालघरला माल न्यायचा तर वाघोबा खिंड चढावी लागते. ॲसिडच्या बॅटरीवर लिहिलेले १०० अँपिअर-अवर बहुधा वीस तासांत हळूहळू वापरल्यावरचे असते. चढावर एकदम जोर लावला की ती तेवढी वीज देतच नाही. लिथियमच्या दोन्ही जाती इथे फारशा मागे हटत नाहीत. म्हणून दुकानदाराने सांगितलेले किलोमीटर सपाट रस्त्याचे आणि रिकाम्या गाडीचे तर नाहीत ना, हे आधी विचारावे.

टिकाऊपणाचा हिशेब

एकदा पूर्ण भरणे आणि वापरून संपवणे याला एक फेरा धरू. ॲसिडची बॅटरी रोज खोलवर वापरली तर ३०० ते ५०० फेरे देते. एनएमसी साधारण हजार किंवा थोडे जास्त, तर एलएफपी दोन हजार आणि त्याच्या पुढे.

वर्षाला ३०० दिवस रोज एक फेरा धरला, तर ४०० फेऱ्यांची ॲसिडची बॅटरी सोळा महिन्यांत संपते. एलएफपी साडेसहा वर्षे जाते. तेवढ्या काळात ॲसिडचे पाच संच लागतील. म्हणजे एलएफपी तिप्पट किमतीला मिळाली तरी रोज धंदा करणाऱ्याला ती स्वस्तच पडते. जुन्या शिशाचे मोडीत पैसे येतात, ते वजा केले तरीही.

मात्र ज्याला आठवड्यातून दोनदाच बाजाराला जायचे आहे, रस्ता सपाट आणि जवळचा आहे, त्याचे गणित वेगळे. त्याचे वर्षाला शंभरच फेरे होतात. ॲसिडची बॅटरी नीट सांभाळली तर दोन-तीन वर्षे काढेल, आणि सुरुवातीला हातातला पैसाही कमी जाईल. अशाने कर्ज काढून लिथियम घ्यावीच असे नाही.

अनुदानाच्या आशेवर असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. केंद्राच्या फेम-२ योजनेत (२०१९ ते २०२४) आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये ॲसिडच्या बॅटरीच्या गाड्यांना अनुदान ठेवलेले नव्हते. 'सबसिडी कापून किंमत सांगतो' असे कुणी म्हणाला तर कागद मागावा.

आगीचे कारण समजून घ्या

एनएमसी फार तापली की तिच्यातूनच प्राणवायू सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते. एलएफपीमध्ये प्राणवायू फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून ती जास्त तापमान सोसते. पण 'एलएफपी पेटतच नाही' हे खरे नाही. पेटण्याचा धोका कमी, एवढेच. ॲसिडची बॅटरी सहसा अशी पेटत नाही, पण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. बंद खोलीत ठिणगी पडली तर त्याचाही भडका उडतो.

सर्वांत मोठा धोका चार्जरच्या अदलाबदलीचा आहे. गाडीवर नुसते '४८ व्होल्ट' लिहिलेले असते, त्यावरून जात कळत नाही. सोळा सेलची एलएफपी ५८.४ व्होल्टला पूर्ण भरते, तेरा सेलची एनएमसी ५४.६ व्होल्टलाच. पहिलीचा चार्जर दुसरीला लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळजवळ ४.५ व्होल्ट चढतात. बॅटरीतील नियंत्रक यंत्रणा, म्हणजे बीएमएस, चांगली असेल तर वीज तोडते. जोडकाम केलेल्या हलक्या बॅटरीत ती नसेल किंवा बिघडलेली असेल तर काय होईल, ते सांगायला नको. शेजाऱ्याचा चार्जर 'पिन बसते' म्हणून कधीही लावू नये.

२०२२ मधील आगींनंतर सरकारने एआयएस-१५६ हे मानक कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. मात्र २५० वॅटपर्यंतच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या दुचाकींना नोंदणी लागत नाही. त्यांच्या बॅटरीची चौकशी आपली आपणच करायची.

लावणीच्या दिवसांत गाडी उभी राहते तेव्हा

भातलावणी सुरू झाली की गाडी पडवीत उभी राहते. इथेच पुष्कळ बॅटऱ्या मरतात. ॲसिडची बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर पांढरा कठीण थर धरतो आणि तो परत सुटत नाही. तिला पूर्ण भरून ठेवावे, महिन्यातून एकदा पुन्हा भरावे, आणि पाणी घालायचे ते बॅटरीचेच, विहिरीचे नको. फवारणी पंपालाही हाच नियम. लिथियमचे उलट आहे. ती निम्मी भरून, कोरड्या जागी ठेवावी.

रोजच्या वापरात एनएमसी ८० टक्क्यांपर्यंत भरलेली पुरे. एलएफपी आठवड्यातून एकदा पूर्ण भरावी, नाहीतर किती वीज उरली याचा काटा चुकीचे दाखवतो आणि गाडी खिंडीतच बसते.

पुढे सोडियमची बॅटरीही येते आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेबरोबर केलेले सोडियम बॅटरीचे काम डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. सोडियम मिठातही असते, त्यामुळे कच्च्या मालाची टंचाई नाही. पण त्या आशेवर आजची खरेदी लांबवू नये.

घेताना आणि वापरताना

• बॅटरीची जात, सेलची संख्या आणि पूर्ण भरल्यावरचे व्होल्ट पावतीवर लिहून घ्या. दुकानदार लिहून देत नसेल तर दुसरे दुकान पाहा.
• हमी किती वर्षांची आणि किती फेऱ्यांची, दोन्ही विचारा.
• चार्जर बॅटरीबरोबर आलेलाच वापरा.
• रात्री, माणसे झोपतात त्या खोलीत किंवा दाराच्या तोंडाशी चार्जिंग नको. पडवीत, मोकळ्या हवेत, पेंढा आणि रॉकेलपासून लांब लावा.
• उन्हातून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. तासभर निवू द्या.
• फुगलेली, आपटलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी पुन्हा लावू नका. घराबाहेर ठेवा आणि विक्रेत्याला कळवा.
• बॅटरीतून धूर आला तर आधी माणसे बाहेर काढा, मग १०१ ला फोन करा.
• जुनी बॅटरी फोडू नका, ॲसिड विहिरीजवळ किंवा सूर्येच्या काठी ओतू नका. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

थोडक्यात, रोज माल वाहणाऱ्याने एलएफपी घ्यावी. अधूनमधून, जवळ आणि सपाट रस्त्याने जाणाऱ्याला ॲसिडची चालेल, पण ती सांभाळायची तयारी हवी. एनएमसी हलक्या, लांब पल्ल्याच्या स्कूटरसाठी ठीक, मात्र चार्जिंगची शिस्त पाळणाऱ्याच्याच हाती ती द्यावी. कुठलीही घेतलीत तरी आज रात्री एवढे करा : चार्जर कुठे लागतो ते पाहा, आणि झोपायच्या खोलीत असेल तर तो बाहेर काढा.