एका थेंबाचा फरक

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. घरच्या टाकीत प्रवाळ वाढवणारे हौशी लोक तेवढंच राखायला धडपडतात, कारण प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचाच.

कॅल्शियम मोजायच्या घरगुती किटमध्ये, सूचक घालून गुलाबी केलेल्या पाण्याच्या नमुन्यात कॅल्शियमला बांधून घेणारं ईडीटीए हे रसायन थेंबथेंब टाकतात. गुलाबी रंग आधी जांभळट होतो, मग निळा. थांबायचं नेमकं कुठे, इथेच गफलत होते. एपीआय कंपनीच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे दर लिटरला २० मिलिग्रॅम कॅल्शियम. त्यामुळे ४०० की ४२०, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. बाटली तिरकी धरली, तरी थेंबाचा आकार बदलतो.

आकडा अचानक घसरला, तर लगेच टाकीत कॅल्शियमचा डोस ओतू नका. कॅल्शियमचं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणावर आधी किटच तपासून घ्या.