रामजोशी : फड आणि व्यासपीठ

उत्तर पेशवाईत मराठी शाहिरी कवितेला जो बहर आला, त्याचा विचार करताना अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर आणि रामजोशी ही नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. यांपैकी रामजोशी हे सोलापूरचे. त्यांचे जन्मवर्ष काही अभ्यासक इ. स. १७५८ मानतात, तर काही १७६२. मृत्यू १८१२ किंवा १८१३ मध्ये झाला असे सामान्यतः धरले जाते. स्वतः रचावे, स्वतः चाल बांधावी आणि स्वतःच श्रोत्यांपुढे उभे राहून गावे, असा हा कवी. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गीतकार-गायक म्हणून ज्या कलावंताची निराळी गणना होऊ लागली, त्याचे कार्य आपल्याकडे शाहीर फार पूर्वीपासून करीत आला होता. अशा कलावंताचे चरित्र त्याच्या रचनेपासून अलग करून सांगता येत नाही. रामजोशींच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडले आहे.

परंपरेने सांगितले जाणारे त्यांचे चरित्र थोडक्यात असे आहे. सोलापुरातील एका वेदशास्त्रसंपन्न देशस्थ ब्राह्मण घराण्यात त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू मुद्गलभट्ट हे विद्वान म्हणून नावाजलेले होते. धाकट्या भावाचे मन मात्र पोथीपेक्षा गावातील धोंडी शाहिराच्या फडाकडे ओढले गेले. तो तमासगिरांना लावण्या रचून देऊ लागला, हे बंधूंना रुचले नाही आणि रामजोशींना घर सोडावे लागले. ते पंढरपुरास गेले. तेथे बाबा पाध्ये यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्य व शास्त्र यांचे अध्ययन केले आणि परत येऊन पुराण-कीर्तनात लौकिक मिळविला. पुढे ते पुन्हा फडाकडे वळले. पुण्यात बया नावाच्या कलावंतिणीची त्यांना साथ लाभली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

ही हकीकत ज्या रीतीने सांगितली जाते, ती रीत पाहण्यासारखी आहे. फडाकडे जाणे म्हणजे पतन, पंढरपूर म्हणजे उद्धार आणि पुन्हा फड म्हणजे पुन्हा पतन, अशी तिची मांडणी असते. हा साचा एकट्या रामजोशींपुरता नाही. संगमनेरच्या अनंत फंदींविषयीही अशीच कथा प्रसिद्ध आहे : अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने त्यांनी तमाशा सोडला आणि कीर्तनाचा मार्ग धरला. दोन निरनिराळ्या कवींची चरित्रे एकाच साच्यात उतरलेली दिसली, की तो साचा त्या कवींच्या आयुष्यातून आला की सांगणाऱ्यांच्या मनातून, असा प्रश्न विचारणे अभ्यासकास प्राप्त होते.

या प्रश्नाचा उलगडा होण्यास काळाचा क्रम उपयोगी पडतो. रामजोशींची विद्वत्ता मोरोपंतांनी वाखाणली, असे परंपरा सांगते. बारामतीच्या या पंडितकवीच्या आर्या कीर्तनातून लोकप्रिय करणाऱ्यांत रामजोशींची गणना होते. मोरोपंत १७९४ मध्ये निवर्तले. म्हणजे रामजोशींची कीर्तनकार म्हणून झालेली ही प्रतिष्ठा त्यापूर्वीची असली पाहिजे. उलट दुसरा बाजीराव पेशवेपदावर आला तो १७९६ मध्ये. तेव्हा त्याच्या आश्रयाचा आणि पुण्यातील वैभवाचा काळ त्यानंतरचा ठरतो. फडावरील मोठी कीर्ती ही अशा रीतीने पंडितांची मान्यता मिळविल्यानंतरची आहे. ज्याला दुसरा मार्ग उघडा नव्हता त्याची ही अगतिकता नव्हे. व्यासपीठावर मान मिळविलेल्या माणसाने जाणून केलेली ही निवड आहे.

रामजोशींची रचना तपासली असता हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. त्यांच्या लावण्यांत स्त्रीसौंदर्याची वर्णने आहेत, शृंगार आहे. त्याचबरोबर नरजन्माचे सार्थक करण्याचा उपदेश आहे, आणि जटा वाढवून व अंगाला राख फासून साधुत्वाचा देखावा करणाऱ्यांवर कठोर प्रहारही आहेत. विषय बदलतो, पण कारागिरी बदलत नाही. शृंगारिक लावणी असो वा उपदेशपर, चरणाच्या पोटात यमकामागून यमक येते, संस्कृत समास आणि रांगडा मराठी शब्द शेजारी शेजारी बसतात, आणि अनुप्रासाच्या लाटेवर अर्थ पुढे सरकतो. रंगेल रामजोशी व विरक्त रामजोशी अशा दोन व्यक्ती कल्पिल्या, तर या एकाच हाताचा खुलासा करता येणार नाही.

यमकाची ही हौस मोरोपंतांच्या कवितेचेही प्रधान लक्षण आहे. रामजोशींची शैली पंतांच्या वळणावर गेली, असे म्हणून हा विषय बहुधा सोडून दिला जातो. परंतु फडावर यमकाचे काम काय असते, तेही लक्षात घेतले पाहिजे. मोरोपंतांच्या आर्येचे चार चरण अनुक्रमे १२, १८, १२ आणि १८ मात्रांचे असतात. शास्त्रदृष्ट्या ही गीती होय. कीर्तनकार ती चालीवर म्हणतो, थांबतो, अर्थ उकलतो आणि मग पुढील आर्येकडे वळतो. तेथे यमक हे मुख्यतः बुद्धीला दिलेले कोडे असते. अक्षरे तीच, पण अर्थ निराळा, हे श्रोत्याला विवरणातून कळते. लावणीही मात्रांवरच चालते. पण तिला थांबून विवरण करण्याची सवड नसते. ढोलकीचा ठेका पुढे धावत असतो. मुख्य गायकाने चरण म्हणावा आणि मागे उभ्या असलेल्या सुरत्यांनी ध्रुपद उचलावे, असा तिचा क्रम असतो. ठेक्याच्या ठरलेल्या ठिकाणी समान अक्षरे येत राहिली, म्हणजे गाणाराला शब्द आठवतो, झील धरणाराला आपली जागा कळते आणि दूर बसलेल्या श्रोत्यालाही चरण कोठे वळतो ते आधीच जाणवते. व्यासपीठावर जे यमक कोडे होते, ते फडावर तालाचे अंग बनते. रामजोशींनी पंडितांचे साधन नुसते उसने घेतले नाही. त्याला दुसरे काम दिले. हे काम देता येण्यास दोन्ही ठिकाणांचा अनुभव हवा होता आणि तो त्यांना होता.

भाषेच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. संस्कृत, कानडी व हिंदी या भाषांचा रामजोशींनी आपल्या रचनेत उपयोग केला आहे. याकडे पुष्कळदा पांडित्याचा खेळ म्हणून पाहिले जाते. त्यात खेळ आहे, हे खरेच; पण हा कवी सोलापूरचा आहे, हेही विसरता कामा नये. मराठी व कानडी या भाषांच्या सीमेवरील हे गाव. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची वचने कानडीत आहेत आणि त्यांची यात्रा भरविणारी वस्ती मराठी व कानडी दोन्ही बोलणारी आहे. अशा गावात उभ्या राहणाऱ्या शाहिरापुढे एकभाषी श्रोतृवर्ग क्वचितच असे. एका चरणात कानडी आणि दुसऱ्यात मराठी, ही विद्वानास चमत्कृती वाटेल. बाजारच्या दिवशी जमलेल्या माणसाला ती ओळखीची वाटत असे. संस्कृत त्यांनी पाठशाळेत मिळविली; कानडीसाठी त्यांना गाव सोडण्याचे कारण नव्हते.

पतन आणि उद्धार यांचा साचा इतका दृढ का झाला? कीर्तन आणि तमाशा यांत पुढील काळाने उभी केलेली सामाजिक भिंत हे त्याचे मुख्य कारण होय. ब्राह्मण कवी तमाशात गेला, ही घटना स्पष्टीकरणावाचून स्वीकारणे सुशिक्षित वाचकास जड गेले. मग तारुण्याचा भर, संगतीचा दोष, कलावंतिणीचा मोह अशी कारणे पुढे आली. या सर्व कारणांत फडातील माणसे मोहाचे निमित्त म्हणून उरतात. धोंडी शाहीर हा रामजोशींच्या शिक्षणातील पहिला टप्पा होता आणि बया ही त्यांची सहकलावंत होती, असे फारसे कोणी म्हणत नाही. बाबा पाध्ये गुरू ठरले आणि धोंडी शाहीर कुसंगती ठरला. परंतु ठेका, झील, श्रोत्यांची नाडी आणि सवाल-जबाबातील हजरजबाबीपणा या गोष्टी पंढरपूरच्या पाठशाळेत शिकविल्या जात नव्हत्या. तमाशाचे फड मुख्यतः ज्या जातींच्या कलावंतांनी चालविले, त्यांनीच हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जतन केले होते. साचा स्वीकारला की हे ऋण हिशेबातून गळते.

विसाव्या शतकात ही कथा चित्रपटाच्या द्वारे घरोघर पोहोचली. राजकमल कलामंदिराचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट १९४७ मध्ये प्रदर्शित झाला. बाबूराव पेंटर यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकर यांची गीते, वसंत देसाई यांचे संगीत, जयराम शिलेदार यांचे रामजोशी आणि हंसा वाडकर यांची बया यांमुळे तो अतिशय गाजला. विस्मृतीकडे चाललेल्या कवीला त्याने नवे श्रोते दिले, हे त्याचे मोठेच कार्य. पुढे १९५६ मध्ये म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ या ग्रंथाने लावणीचा विचार नीतीच्या चर्चेतून सोडवून तिच्या घडणीकडे वळविला. रामजोशींच्या अभ्यासाला खरी दिशा तेथून मिळते.

रामजोशींची कविता आजही दोन ठिकाणी विभागून भेटते. उपदेशपर रचना बहुधा पाठ्यपुस्तकांच्या वाट्याला येतात आणि शृंगारिक रचना बैठकीच्या. दोन्हीकडे अर्धाच कवी हाती लागतो. पहिल्या वाचकाला ढोलकी ऐकू येत नाही आणि दुसऱ्या श्रोत्याला पंढरपूरचे अध्ययन दिसत नाही. त्यांच्या लावण्यांची संहिता ठेक्यासह, चालींसह आणि एकत्र वाचली गेली, तर त्यांच्या आयुष्यातील येरझाऱ्या हा चारित्र्याचा दोष न ठरता त्यांच्या कलेची आवश्यक अट ठरेल. सोलापूरच्या या कवीने फड आणि व्यासपीठ यांतील अंतर आपल्या पायांनी अनेकदा तुडविले. तो दोन्हीकडे गेला नसता, तर मराठी लावणीला हे यमक आणि हा ठेका एकत्र लाभले नसते.