बेसबॉलचा सहायक प्रशिक्षक व्हायचंय? आधी हे गैरसमज दूर करा

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा ठिकाणच्या कॉलेजांतून खेळणारी मुले-मुली नागपूर विद्यापीठाच्या संघात निवडली जातात, ‘कलर होल्डर’ होतात. पदवी हाती आली की घरचे नोकरीचे विचारू लागतात आणि मैदान तर सोडवत नाही. अशा वेळी कुणी सांगते, “कॉलेजात कोच हो.” सल्ला चांगला आहे, पण अर्धवट माहितीवर दिला तर तरुणाची उमेदीची वर्षे वाया जातात. बेसबॉलसारख्या कमी खेळल्या जाणाऱ्या खेळात तर हे हमखास होते.

गैरसमज 1 : कॉलेजात बेसबॉलच्या सहायक प्रशिक्षकाची जागा निघते.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या अनुदानित महाविद्यालयांत एकेका खेळाच्या सहायक प्रशिक्षकाचे मंजूर पद नसते. पद असते ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे, आणि तेही साधारणपणे एकच. कबड्डीपासून बेसबॉलपर्यंत सगळे त्याच एका माणसाकडे. प्रत्यक्ष सराव घेणारा मदतनीस बहुतेक वेळा माजी खेळाडू असतो. तो मानधनावर येतो किंवा निव्वळ आवडीपोटी.

कायम नोकरी हवी असेल तर संचालकपदाची तयारी करावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्क्यांनी आणि त्यासोबत नेट, सेट किंवा नियमात बसणारी पीएच.डी. लागते. आंतरमहाविद्यालयीन किंवा त्यावरच्या स्पर्धेत खेळल्याचा पुरावाही हवा. शिवाय शारीरिक क्षमता चाचणी असते. तिशीपर्यंतच्या पुरुषाला 12 मिनिटांत 1800 मीटर आणि महिलेला 8 मिनिटांत 1000 मीटर अंतर पार करावे लागते. निवड झाली तर सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये. एका कॉलेजात जागा एकच असल्याने चुरस मोठी असते, हे मनाशी धरूनच या वाटेला लागावे.

गैरसमज 2 : चांगला खेळला, म्हणजे चांगले शिकवेलच.

वस्तुस्थिती : स्वतःला जमणारी गोष्ट दुसऱ्याच्या अंगी उतरवणे हे वेगळे शास्त्र आहे, आणि ते शिकावे लागते. त्यासाठी दोन वर्षांचे बी.पी.एड. आणि पुढे दोन वर्षांचे एम.पी.एड. आहे. विदर्भात ही परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत 1961 पासून प्रशिक्षक घडवले जातात. तिथे एक वर्षाची पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. संबंधित वर्षी आपला खेळ यादीत आहे का, हे जाहिरातीत पाहूनच अर्ज करावा.

गैरसमज 3 : क्रिकेट किंवा सॉफ्टबॉलचा कोच बेसबॉलही सांभाळून घेतो.

वस्तुस्थिती : सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खांद्याखालून टाकतात, त्याचा घेर सुमारे 12 इंच आणि दोन बेसमधले अंतर 18.29 मीटर. बेसबॉलचा चेंडू सुमारे 9 इंच घेराचा, अंतर 27.43 मीटर, आणि पिचर 18.44 मीटरवरून खांद्यावरून फेकतो. क्रिकेटच्या गोलंदाजाला कोपर मर्यादेबाहेर सरळ करता येत नाही. पिचरच्या फेकीत मात्र वाकलेले कोपर झटक्यात सरळ होते. म्हणून एका खेळातला चांगला सराव दुसऱ्या खेळात दुखापतीचे कारण ठरू शकतो.

गैरसमज 4 : सहायक म्हणजे किट उचलणारा.

वस्तुस्थिती : सामन्यातला एक क्षण पाहा. धावणारा दुसऱ्या बेसवर आहे. फटका उजव्या बाजूला मैदानात खोल गेला. धावणारा तिसऱ्या बेसकडे सुटला, चेंडू त्याच्या पाठीमागे. त्याला दिसतो फक्त तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला प्रशिक्षक, आणि ही जागा अनेकदा सहायकाची असते. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात कसा आला, त्याची फेक किती दमदार, आपला धावणारा किती चपळ, बाद किती झालेत, हे सगळे दोन-तीन सेकंदांत जोखायचे. हात गोल फिरवला तर थेट होम प्लेटकडे, दोन्ही तळवे समोर धरले तर तिथेच थांब. सामना या एका खुणेवर फिरतो.

दुसरे काम याहून महत्त्वाचे, ते म्हणजे पिचरने किती चेंडू टाकले हे मोजणे. अमेरिकेतील मार्गदर्शक नियमांनुसार 19 ते 22 वयाच्या खेळाडूने एका दिवसात 120 हून अधिक चेंडू टाकू नयेत, आणि 105 च्या पुढे गेला तर 5 दिवस विश्रांती घ्यावी. अतिवापराने कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध (लिगामेंट) फाटू शकतो. त्यावर उपाय म्हणून 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केलेली शस्त्रक्रिया आज त्याच खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे स्पर्धेत सामने लागोपाठच्या दिवशी येतात आणि जिंकण्यासाठी एकाच मुलाला पुन्हापुन्हा उतरवण्याचा मोह होतो. तेव्हा वही पुढे करून “आज हा टाकणार नाही” असे ठामपणे सांगणारा सहायक त्या मुलाचा हात वाचवतो.

गैरसमज 5 : अमेरिकेत या कामात पैसाच पैसा.

वस्तुस्थिती : अमेरिकी विद्यापीठांच्या अव्वल विभागातही 2023 पर्यंत बेसबॉल संघात मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी सहायक आणि एक बिनपगारी स्वयंसेवक अशी रचना होती. स्वयंसेवकाचे ते पद 1 जुलै 2023 पासून रद्द झाले, तेव्हा कुठे त्या माणसाला पगार देण्याची वाट मोकळी झाली.

गैरसमज 6 : हा खेळ आपल्या मुलांचा नाही, त्याला भविष्यही नाही.

वस्तुस्थिती : रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी पोरे. 2008 मध्ये एका शोधस्पर्धेतून ती पुढे आली आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाने त्यांच्याशी करार केला. त्या शोधस्पर्धेआधी त्यांनी बेसबॉल हाती धरला नव्हता. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉल परत येणार, हा निर्णय तर ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या बैठकीत झाला. आंतरविद्यापीठ स्पर्धा मुलांप्रमाणे मुलींसाठीही होतात, म्हणजे मुलींचे संघ घडवणाऱ्या महिला प्रशिक्षकही हव्यात.

मग करायचे काय?

खेळत असतानाच प्रमाणपत्रे जपून ठेवा. पदवीनंतर बी.पी.एड., एम.पी.एड. करा आणि सोबत नेट-सेटचा अभ्यास ठेवा. या काळात जवळच्या कॉलेजात सराव घ्या, पण प्राचार्यांचे लेखी पत्र आणि शेवटी अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय नको. बेसबॉलसोबत आणखी एका खेळात हात बसवा, कारण संचालकाला सगळेच खेळ पाहावे लागतात.

महाविद्यालयांनीही आपला वाटा उचलायला हवा. सकाळी सहाला मैदानावर येणाऱ्या तरुणाला नुसती शाबासकी पुरत नाही. त्याचे मानधन क्रीडा निधीच्या अंदाजपत्रकात लिहिलेले असावे आणि ते वेळेवर मिळावे. खेळाडूच्या हाताची जबाबदारी ज्याच्यावर टाकतो, त्याच्याकडून ते काम फुकटात करून घेणे योग्य नाही.