गावाचा पार आणि शहराची बाग

शहराने खेड्यापासून काही शिकावे असे म्हटले, की आमच्या सुशिक्षित वाचकांपैकी काहींच्या मुखावर स्मित उमटेल. खेड्याला शहाणे करणे हे शहराचे कर्तव्य, अशीच समजूत आपण पिढ्यानपिढ्या उराशी बाळगली आहे. परंतु आज ज्या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, त्या प्रश्नापुरता तरी जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुकचा ग्रामस्थ पुण्याच्या नागरिकाहून अधिक अधिकारसंपन्न आहे, हे कबूल करणे भाग आहे. गावात मुलांचे क्रीडांगण कोठे व्हावे, पाराभोवतीची जागा मोकळी राहावी की तेथे गाळे उठावेत, याची चर्चा ज्या सभेत व्हावयाची तिचा तो कायद्याने सभासद आहे. पुण्याच्या नागरिकाला आपल्या वस्तीतील बागेविषयी एकच हक्क आहे, आणि तो म्हणजे दुसऱ्याने सर्व ठरविल्यानंतर हरकत घेण्याचा.

बोरीचे नाव आम्ही सहज घेतलेले नाही. कुकडीच्या काठच्या या गावी नदीने कापून काढलेल्या दरडींत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. १९८०च्या दशकात तो अभ्यासकांच्या नजरेस आला. हजारो मैलांवरील सुमात्रा बेटातल्या टोबा ज्वालामुखीची ही राख, असे शास्त्रज्ञ मानतात. तिच्या वयाविषयी मात्र त्यांचे एकमत नाही. कोणी ते पाऊण लाख वर्षे सांगतात, कोणी कित्येक लाख वर्षे. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी अवजारेही सापडली असून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. २०१८ साली शासनाने जुन्नर तालुका पर्यटनासाठी विशेष म्हणून जाहीर केला. २०२५ साली शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला. तेव्हा उद्या कोणा अधिकाऱ्याच्या मनात बोरीच्या नदीकाठी एखादे उद्यान करावे असे आले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

असे झाले तर त्या उद्यानाचा नकाशा कोणी काढावा? राखेचा थर कोठे आहे हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगेल. परंतु पावसाळ्यात नदीचे पाणी कोठवर चढते, गुरे कोणत्या वाटेने पाण्यावर जातात, उसाच्या कोणत्या फडाला लागून मुलांना खेळू देणे धोक्याचे आहे, हे तो सांगू शकणार नाही. जुन्नर भागात उसात बिबट्यांचा वावर आहे, आणि दिवेलागणीनंतर मुलांनी कोठे असावे व कोठे नसावे हे तेथील प्रत्येक आईला ठाऊक आहे. ते ज्ञान कोणत्याही नकाशात उमटत नाही. ते मिळवावयाचे तर तिच्यापाशी बसून विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

ही विचारणा करण्याची जागा खेड्यात आहे. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. वर्षातून किमान चार वेळा ही सभा भरली पाहिजे, आणि तिच्याआधी स्त्रियांची वेगळी सभा भरली पाहिजे, असा नियम आहे. आता ग्रामसभा म्हणजे रामराज्य असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होतात, पुष्कळ ठिकाणी सह्या घरोघर फिरून गोळा केल्या जातात, आणि स्त्रियांची सभा कित्येकदा कागदावरच भरते, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु हक्क असून तो बजावला न जाणे वेगळे आणि हक्कच नसणे वेगळे. पहिल्या रोगाला औषध आहे. दुसऱ्याला आधी जन्मच घ्यावा लागतो.

आता शहराकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराचा विकास आराखडा तयार होतो. नगररचनाकार जमिनीच्या वापराचा नकाशा काढतात, प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, ठराविक मुदतीत सूचना व हरकती मागविल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते, आणि शेवटी शासन मंजुरी देते. वाचताना ही पद्धत निर्दोष वाटते. ती प्रत्यक्षात कशी चालते याचा अनुभव या शहराने घेतला आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर ८७ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. पुढे २०१५ साली शासनाने तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला, आणि २०१७च्या आरंभी त्याला मंजुरी मिळाली. सत्याऐंशी हजार हरकती हे नागरिकांच्या जागरूकतेचे लक्षण आहे, असे कोणी म्हणतील. आम्ही म्हणतो, ज्या आराखड्यावर एवढ्या हरकती येतात, तो आराखडा कोणाला न विचारता काढला होता याचेच ते लक्षण आहे.

टेकड्यांची कथा याहून बोलकी आहे. महापालिकेत नव्याने आलेल्या २३ गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखाव्यात, ही कल्पना या शतकाच्या आरंभी पुढे आली. तिच्या बाजूने पुणेकरांनी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले. आणि ज्यांच्या जमिनी त्या आरक्षणाखाली जात होत्या त्यांनीही आपले गाऱ्हाणे मांडले. आरक्षणाला शासनाची मंजुरी मिळाली ती २०१५ साली. एका मुलाचे प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण पुरे व्हावे, एवढा काळ मधे लोटला. टेकडीप्रेमी आणि जमीनमालक हे दोघेही आरंभीच एका टेबलाशी बसले असते, मोबदल्याचा प्रश्न आधी सुटला असता, तर ही वर्षे वाचली असती असे आम्हांस वाटते. हरकतीच्या पद्धतीत दोघांची गाठ पडते ती प्रतिवादी म्हणून. शेजारी म्हणून ती कधीच पडत नाही.

नियोजन हे तज्ज्ञांचे काम आहे, लोकांना विचारत बसले तर चार वर्षांचे काम चाळीस वर्षे चालेल, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर एका तज्ज्ञानेच देऊन ठेवले आहे. नगररचनाशास्त्राचे आद्य आचार्य पॅट्रिक गेडिस हे १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा दंडक असा, की शहराला औषध देण्यापूर्वी त्याची नाडी पाहावी; गल्लीबोळांतून पायी हिंडावे, लोक कोठे बसतात, कोठे पाणी भरतात ते डोळ्यांनी पाहावे आणि मगच पेन्सिल हाती घ्यावी. होळकरांच्या इंदुरात प्लेगने कहर केला असता १९१७च्या दिवाळीत त्यांनी एक मिरवणूक काढली. ज्या वस्तीने आपले रस्ते आणि घरे सर्वांत नेटकी केली असतील, तिच्यातून मिरवणूक जाईल असे आधीच जाहीर केले. हुकमाने जे झाले नसते ते हौसेने झाले. प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा त्या मिरवणुकीत मिरविली गेली, आणि नगररचनेचा आराखडा हा आपला आहे असे इंदूरकरांस वाटले.

दुसरे उदाहरण परदेशातले, परंतु आपल्या गरजेला अधिक जवळचे आहे. महायुद्धाने पोळलेल्या आम्स्टरडॅममध्ये १९४७पासून आल्डो व्हॅन आइक या तरुण वास्तुशिल्पज्ञाने मुलांसाठी क्रीडांगणे आखावयास आरंभ केला. तीन दशकांत अशी सुमारे सातशे क्रीडांगणे झाली. त्यांतील पुष्कळशी लहान होती. दोन घरांमधली पडीक जागा, रस्त्याचा रुंद कोपरा, एवढ्यावर वाळूचा हौद आणि लोखंडाच्या काही कमानी. विशेष हे, की आपल्या गल्लीतही असे क्रीडांगण हवे म्हणून नागरिक महापालिकेला पत्रे लिहीत, आणि महापालिका ती पत्रे वाचून जागा शोधी. आमच्याकडे नागरिक पत्र लिहितो ते बाग गेल्याचे. तेथे ते लिहीत, बाग हवी म्हणून. दोन्ही पत्रांतले अंतर हेच आजच्या लेखाचे सार आहे.

विचारावयाचे म्हणजे कोणाला, हाही प्रश्न आहे. पूर्वी आम्ही शाळेत शिकवीत असताना एकदा मुलांना मनातल्या बागेचे चित्र काढावयास सांगितले होते. पुतळा कोणीच काढला नाही, कारंजे दोघा-तिघांनी काढले. बहुतेकांनी झाडावर चढलेली मुले काढली, जे आपल्या बहुतेक बागांत नियमाने निषिद्ध असते. एका मुलीने बागेच्या कडेला दार असलेली एक छोटी खोली काढली होती. हे काय, असे विचारता ती खाली मान घालून म्हणाली, "सर, मुलींसाठी. नाहीतर लवकर घरी जावं लागतं." पुढे आम्ही पुष्कळ उद्यानांचे समारंभ पाहिले, भाषणे ऐकली, प्रसंगी त्यांवर लेखही लिहिले, परंतु त्या मुलीचा मुद्दा त्या भाषणांत कधी ऐकल्याचे आठवत नाही.

येथे आमच्या वाचकांनी आणि आम्हीही थोडे आत्मपरीक्षण करणे उचित होईल. बागेसंबंधी सूचना करणारा वर्ग बहुधा आपलाच असतो. सकाळी फिरावयास जाणारे, निवृत्त, अर्ज लिहू शकणारे, कार्यालयात ओळख असलेले असे आपण. फिरण्याच्या वाटा गुळगुळीत व्हाव्यात, गोंगाट नसावा, चेंडू खेळण्यास बंदी असावी, दुपारी फाटक बंद असावे, अशा आपल्या मागण्या असतात, आणि त्या बऱ्याचशा मान्यही होतात. दुपारी दोन घरांच्या कामांमध्ये तासभर सावली शोधणारी बाई, दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास न होणारा मुलगा, ज्याचे अंगण म्हणजे रस्ताच असे लहान पोर, यांना बागेची गरज आपल्याहून अधिक आहे. आणि हरकतीचा अर्ज ते कधीही भरणार नाहीत. केवळ बोलक्यांना विचारून केलेला आराखडा हा न विचारता केलेल्या आराखड्याइतकाच एकांगी होय.

यासाठी नवा कायदाच हवा असे नाही. महाराष्ट्राने २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदारांची वस्तीवार सभा. परंतु ती तरतूद पुस्तकातच राहिली. पुणे महापालिकेने नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी लहान कामे सुचवून घेण्याची प्रथा पाडली, ती स्तुत्य आहे. परंतु बाकडे कोठे ठेवावे हे विचारणे आणि बाग कोठे असावी हे विचारणे यांत फरक आहे. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला, तेव्हा तर विचारावयास प्रतिनिधीही उरला नव्हता.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. कोणत्याही उद्यानाचा वा क्रीडांगणाचा नकाशा काढण्यापूर्वी त्याच जागी, सुटीच्या दिवशी, वस्तीची सभा भरवावी. तिची सूचना सर्वांना समजेल अशा मराठीत फाटकावर, शाळेत आणि दवाखान्यात लावावी. स्त्रियांची आणि मुलांची बैठक वेगळी घ्यावी. आणि आलेली प्रत्येक सूचना मान्य झाली की नाही, नसल्यास का नाही, हे लेखी प्रसिद्ध करावे. यांत शेवटची मागणी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण विचारून उत्तर न देणे हा न विचारण्याहून मोठा अपमान आहे.

गावचा पार कोणी मंजूर केलेला नसतो. लोक जेथे बसत आले तेथेच कोणीतरी दगड रचले, आणि तो पार झाला. शहराला एवढे सैलपण परवडणारे नाही, हे आम्ही जाणतो. येथे नकाशा हवा, मोजमाप हवे, कायदा हवा. परंतु लोक कोठे बसतात ते आधी पाहावे आणि दगड नंतर रचावेत, हा क्रम शहरालाही पाळता येईल. महापालिकेने पुढील आराखड्याची पेन्सिल उचलण्यापूर्वी तो पाळावा. आणि तशी सभा भरलीच, तर आमच्या वाचकांनी सकाळचे फिरणे एक दिवस आवरते घेऊन तिला जावे, जाताना आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही सोबत न्यावे, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.