बारापैकी सात: बिअरची चव मोजायची कशी?



"तुझी पीएचडी म्हणजे दिवसभर बिअर प्यायची ना?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो. आई विचारत नाही, नुसती बघते. तर आज सांगूनच टाकते की मी नेमकं काय करते. बिअर न पिणाऱ्यांनीही वाचा. शेवटी चहावर करता येईल असा प्रयोग दिलाय.

आधी ग्लासात काय आहे?

उदाहरण म्हणून सिएरा नेवाडा पेल एल घेऊ. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात १९८० पासून बनणारी ही बिअर अमेरिकन पेल एलचा नमुना मानली जाते. अल्कोहोल ५.६ टक्के. रंग मधासारखा. नाकाशी धरली की पपनसाची साल नखाने खरवडल्यासारखा वास येतो, मागे थोडा चीडाच्या लाकडाचा. घोट घेतला की आधी मॉल्टचा हलका गोडवा, मग कडूपणा, आणि तो जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो.

वास आणि कडूपणा, दोन्ही मुख्यतः हॉप्समुळे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. पण दोघांचे रस्ते वेगळे. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि कडूपणा देतात. सुगंधी तेलं (मर्सिन, लिनालूल, जिरॅनिऑल वगैरे) मात्र उकळताना उडून जातात. म्हणून वासासाठीचे हॉप्स अगदी शेवटी घालायचे, जशी आपण आमटीत कोथिंबीर घालतो तशी. या बिअरमधला कॅस्केड हा हॉप्सचा वाण १९७२ मध्ये ओरेगनमधून बाहेर आला, आणि पपनसासारखा वास ही त्याची ओळख.

बाटली उबेत राहिली की हा वास हळूहळू उतरतो. माझा प्रश्न एवढाच: हा फरक माणसाला कळतो का?

यंत्र असताना माणूस कशाला?

कडूपणा यंत्रावर मोजता येतो. २७५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण बघायचं, आकडा मिळतो. तेलंही मोजता येतात. पण लिनालूल कमी झालं हे यंत्र सांगेल. ते पिणाऱ्याला जाणवलं का, हे फक्त पिणाराच सांगू शकतो.

अडचण अशी की पिणाऱ्याला आधी काही सांगितलं की त्याची जीभ बदलते. ली, फ्रेडरिक आणि एरिली यांनी २००६ मध्ये एक छान प्रयोग छापला. बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब घातले. न सांगता दिली तर अनेकांना ती आवडली. आधी सांगून दिली तर पसंती घसरली. पिऊन झाल्यावर सांगितलं तर फारसा फरक पडला नाही.

म्हणून त्रिकोण चाचणी करतात. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखा. ही पद्धत १९४० च्या दशकात कार्ल्सबर्ग ब्रुअरीत वापरात आली. आणि तुम्ही शिकता ती टी-टेस्टसुद्धा १९०८ मध्ये गिनेस ब्रुअरीत नोकरी करणाऱ्या गॉसेटने 'स्टुडंट' या नावाने छापली होती!

माझी चूक

आमच्या विभागात बनवलेली पेल एल मी दोन भागांत ठेवली, अर्धी फ्रिजमध्ये, अर्धी सहा आठवडे खोलीत. बारा जण बसवले. अकरा जणांनी बरोबर ओळखलं. मी हवेत! गाइडनी एकच विचारलं, "ग्लासांचं तापमान मोजलंस?"

मोजलं नव्हतं. खोलीतल्या बाटल्या मी आदल्या रात्री न ठेवता सकाळी फ्रिजमध्ये टाकल्या होत्या. लोकांनी वास नाही, कोमटपणा ओळखला होता. सगळा डेटा केरात.

पुन्हा केलं. तापमान सारखं, लाल दिवा, तीन आकडी कोड, ग्लासांचे सहाही क्रम समान वेळा. आले बारापैकी सात.

आता गणित. नुसत्या अंदाजाने एक तृतीयांश बरोबर येतात, म्हणजे चार. सात किंवा जास्त नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता ६.६ टक्के, आठ किंवा जास्त येण्याची १.९ टक्के. आपली रेघ ५ टक्क्यांवर. म्हणजे एक माणूस कमी पडला.

खरं सांगते, मनात पहिला विचार आला, "अजून दोघांना बसवू." यात खोटं काहीच नाही असं वाटतं, हाच धोका. निकाल बघत बघत माणसं वाढवत गेलात आणि हवं ते आल्यावर थांबलात, तर ५ टक्के हे ५ टक्के राहतच नाहीत.

म्हणून वहीत लिहिलं: १२ पैकी ७, फरक सिद्ध नाही. "फरक नाही" असं नाही लिहिलं, ती वेगळी गोष्ट. मग नवी फेरी आधीच ठरवून लिहिली: ३० जण, किमान १५ बरोबर हवेत. ती पुढच्या महिन्यात आहे. १५ आले नाहीत तर तेही इथेच सांगेन.

घरी करून बघा

दोन वेगळ्या दुधांचा चहा करा. पूड, साखर, कप, तापमान सारखं. "मला फरक कळतो" म्हणणाऱ्याला तीन-तीन कपांच्या सहा फेऱ्या द्या. कप भरणारा एक, देणारा दुसरा, आणि देणाऱ्याला उत्तर माहीत नको. सहापैकी किमान पाच बरोबर आले तरच मानायचं.

पण हा पाचचा आकडा पहिला कप भरायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. काय निकाल आला ते कळवा!