प्रकल्प उत्तम, तरी पेपर परत? शोधनिबंधाचा ‘फॉरमॅट’ नेमका काय असतो, समजून घ्या

समजा, सांगलीतल्या अभियांत्रिकीच्या चार विद्यार्थ्यांनी हळद वाळवण्याचं यंत्र बनवलं. वर्षभर नोंदी घेतल्या, आलेख काढले आणि पेपर एका परिषदेकडे पाठवला. दोनच दिवसांत तो परत आला. तज्ज्ञांनी तो नाकारला नव्हता, कारण तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. मजकूर दोन कॉलमऐवजी एकाच कॉलममध्ये होता, तक्त्यांची शीर्षकं खाली होती आणि संदर्भांच्या जागी नुसत्या लिंक होत्या.

अनेक परिषदा आणि नियतकालिकं पेपर तज्ज्ञांकडे पाठवण्याआधी फॉरमॅट तपासतात. सातारा-सांगलीत शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी आणि पीएचडी करणाऱ्यांनी म्हणूनच हे नियम आधी समजून घ्यायला हवेत.

कोणत्या विषयाला कोणती शैली?

अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्रात ‘आयईईई’ शैली चालते. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांत ‘एपीए’ वापरतात. तिची सध्याची सातवी आवृत्ती २०१९ ची आहे. भाषा-साहित्यासाठी ‘एमएलए’, तर इतिहासासाठी बहुतेकदा ‘शिकागो’ वापरली जाते. मात्र अंतिम शब्द परिषदेच्या, नियतकालिकाच्या किंवा विद्यापीठाच्या सूचनांचाच. त्या आधी वाचाव्यात.

आयईईईमध्ये काय पाहतात?

परिषदेच्या पेपरसाठी तयार टेम्प्लेट मिळतं. त्यात शीर्षक २४ पॉइंटचं, मजकूर १० पॉइंटचा, टाइम्स न्यू रोमनमध्ये आणि दोन कॉलमांत असतो. आकृतीची ओळ आकृतीच्या खाली, तक्त्याचं शीर्षक तक्त्याच्या वर. टेम्प्लेट ए-फोर आणि यूएस लेटर अशा दोन्ही आकारांत मिळतं, त्यामुळे परिषदेने कोणता मागितला आहे ते पाहूनच डाउनलोड करावं. समासांशी छेडछाड केली की पानांचा हिशेब बिघडतो.

संदर्भांना चौकटी कंसात क्रमांक मिळतो. मजकुरात जो स्रोत आधी येतो तो [१], त्यानंतरचा [२]. पुढे तोच स्रोत पुन्हा आला तर क्रमांकही तोच राहतो. एपीएमध्ये क्रमांक नसतो, तिथे लेखकाचं आडनाव आणि वर्ष देतात आणि शेवटची यादी आडनावाच्या वर्णानुक्रमे लावतात.

पाटील कुठले?

एकच व्यक्ती आयईईईच्या यादीत ‘ए. बी. पाटील’ असते, तर एपीएमध्ये ‘पाटील, ए. बी.’ होते. पाटील, जाधव, पवार, माने ही आडनावं या दोन जिल्ह्यांत गल्लोगल्ली सापडतात. त्यात एका पेपरवर वडिलांचं नाव लावलं आणि दुसऱ्यावर गाळलं, तर दोन्ही पेपर एकाच लेखकाचे आहेत हे शोधयंत्रांना कळत नाही. त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर जाऊ शकतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिल्या पेपरपासून नाव एकाच पद्धतीने लिहावं आणि ‘ऑर्किड’ हा १६ अंकी क्रमांक काढावा. तो मोफत मिळतो आणि कॉलेज किंवा नोकरी बदलली तरी तोच राहतो.

मराठी पुस्तकाचा संदर्भ कसा द्यायचा?

अनेकांचं घोडं इथे अडतं. इंग्रजी पेपरमध्ये एपीए शैली असेल, तर मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढे चौकटी कंसात त्याचं इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं.

मराठी विश्वकोशाचं उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातल्या वाईत तयार झालेल्या या कोशात नोंदीच्या शेवटी तिच्या लेखकाचं नाव दिलेलं असतं, तेही आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव, अशा पद्धतीने. पण विद्यार्थी संदर्भात नुसतं ‘विश्वकोश’ लिहून लिंक चिकटवतात. मग ज्याने नोंद लिहिली, त्याचं नावच गायब होतं. नोंदीचा लेखक, वर्ष, नोंदीचं शीर्षक, संपादक, खंड आणि प्रकाशक एवढं दिलं तर वाचक थेट त्या पानापर्यंत पोहोचतो. संदर्भ हा शेवटी पत्ताच असतो.

चूक झाली तर किती महागात पडते?

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८ पासून लागू आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर थेट नोंदणी रद्द होते.

महत्त्वाचं म्हणजे, योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भांची यादी या मोजणीतून वगळली जातात. अवतरणचिन्हं आणि संदर्भ द्यायचे राहिले, तर तोच मजकूर चोरीत मोजला जाण्याचा धोका असतो.

मग करायचं काय?

• आधी सगळं लिहून ऐनवेळी टेम्प्लेटमध्ये ओतू नका. पहिली ओळच टेम्प्लेटमध्ये टाइप करा.

• वाचलेला प्रत्येक लेख त्याच दिवशी ‘झोटेरो’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साठवा. शैली बदलावी लागली तर सगळी यादी काही क्लिकमध्ये बदलते.

• सॉफ्टवेअरने दिलेली नोंद डोळे झाकून घेऊ नका. नावाचं स्पेलिंग, वर्ष आणि पान क्रमांक मूळ लेखाशी ताडून पाहा.

• कास पठारावरच्या वनस्पतींवर लिहीत असाल तर शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात द्या. त्यातल्या पहिल्या शब्दाचं आद्याक्षर कॅपिटल, दुसरा शब्द पूर्ण स्मॉल.

• पाठवण्यापूर्वी मजकुरातला प्रत्येक संदर्भ यादीत आहे का आणि यादीतला प्रत्येक संदर्भ मजकुरात आला आहे का, हे प्रिंट काढून पेनाने खूण करत तपासा.

या शेवटच्या तपासणीला एखादी संध्याकाळ लागते. ती चुकवली तर वर्षभराची मेहनत तज्ज्ञांच्या टेबलापर्यंत न जाता वाटेतूनच परत येऊ शकते.