दूरचित्रवाणीचे विनामूल्य ग्रहण, ग्रामीण भागातील

मासिक वर्गणी न भरता, घरावर बसविलेल्या आकाशकाच्या साहाय्याने दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट मिळविण्याची पद्धती. आकाशक म्हणजे विद्युत् चुंबकीय तरंग पकडणारे साधन. व्यवहारात त्याला अँटेना म्हणतात. हे तरंग दोन मार्गांनी येतात : जमिनीवरील मनोऱ्यावरून आणि कृत्रिम उपग्रहावरून. पहिल्या मार्गाचे यश प्रदेशाच्या उंचसखलपणावर अवलंबून असते. दुसऱ्या मार्गात तो अडथळा बव्हंशी नाहीसा होतो. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील ओतूर या गावाच्या उदाहरणावरून हा भेद चांगला स्पष्ट होतो.

भूपृष्ठीय प्रक्षेपण : भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रेषकाद्वारे मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. या प्रक्षेपणासाठी मुख्यतः ४७ ते ६८ आणि १७४ ते २३० मेगाहर्ट्झ या कंप्रता-पट्ट्यांचा उपयोग करीत. त्यांची तरंगलांबी सु. १·३ ते ६·४ मी. असते. असे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे प्रेषक व आकाशक एकमेकांच्या दृष्टिरेषेत असणे इष्ट असते.

ओतूर हे सिंहगडापासून सरळ रेषेत सु. १०० किमी. उत्तरेस मांडवी नदीच्या काठी वसले आहे. मधली जमीन सपाट असती, तर सिंहगडाच्या उंचीमुळे तेथील प्रेषक ओतूरच्या रेडिओ क्षितिजाच्या जेमतेम आत आला असता. प्रत्यक्षात भीमा, घोड, मीना व कुकडी या नद्यांची खोरी पश्चिम-पूर्व पसरलेली असून त्यांच्या दरम्यान सह्याद्रीचे फाटे आहेत. दक्षिणेकडून येणाऱ्या तरंगांना हे फाटे आडवे ओलांडावे लागतात. मुंबईच्या दिशेस तर सह्याद्रीची मुख्य रांगच उभी आहे. डोंगरमाथ्यावरून तरंग काहीसे खाली वळतात. या विवर्तनामुळे आडोशाच्या गावीही क्षीण संकेत पोहोचू शकतो. एखादा संकेत दुसऱ्या डोंगरावरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचला, तर पडद्यावर मूळ चित्राशेजारी त्याची फिकट छाया उमटते.

अशा सीमावर्ती भागांत उंच बांबूवर किंवा लोखंडी नळीवर अनेक दांड्यांचा आकाशक चढवून तो प्रेषकाच्या दिशेस फिरवीत आणि त्यास बूस्टर, म्हणजे विवर्धक, जोडीत. मात्र विवर्धक संकेताबरोबर त्यातील गोंगाटही वाढवितो. जो संकेत पोहोचलाच नाही, तो विवर्धकाने निर्माण होत नाही. त्या काळी ग्रहण संपूर्ण विनामूल्यही नव्हते. संच बाळगण्यासाठी परवाना घेऊन शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८०–९० या दशकाच्या मध्यास बंद झाली.

डोंगरांचा आडोसा : प्रेक्षकाला गैरसोयीचा असलेला हा आडोसा विज्ञानाला उपकारक ठरला आहे. ओतूरच्या दक्षिणेस सु. २० किमी.वर खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक आहेत. खगोलीय पदार्थांकडून येणारे अतिक्षीण मीटर-तरंग टिपण्यासाठी मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असलेले ठिकाण आवश्यक होते आणि भोवतालच्या डोंगरांमुळे ते येथे लाभले. नारायणगावजवळील आर्वी येथे १९७१ मध्ये भारतातील पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र कार्यान्वित झाले. पुढे त्यास विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. त्याच्या आकाशकाचा व्यास सु. ३० मी. होता. अशा रीतीने उपग्रहाचे संकेत झेलणारी प्रचंड थाळी तालुक्यात आली. घराच्या छपरावर मावणारी थाळी येण्यास मात्र आणखी तीन दशके लागली.

उपग्रहावरून ग्रहण : १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत सामुदायिक संचांवर कार्यक्रम दाखविण्यात आले. या प्रयोगात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि खेड्यातच उपग्रहाचा संकेत थेट घेता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्यासाठी सु. ३ मी. व्यासाची जाळीदार थाळी लागे. पुढे उपग्रहांची प्रेषणशक्ती व कंप्रता वाढत गेली, तसा थाळीचा आकार घटला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही वर्गणीमुक्त सेवा सुरू केली. तीच आता ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. तिच्यासाठी सु. ६० सेंमी. व्यासाची थाळी सामान्यतः पुरते.

या सेवेचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सु. ३५,७८६ किमी. उंचीवर, ९३·५° पूर्व रेखांशावर स्थिर भासतो. ओतूरहून तो जवळजवळ आग्नेयेस, क्षितिजापासून सु. ५८° उंचीवर येतो. दूरचा डोंगर क्षितिजावर दहा अंश चढलेला दिसला, तरी या रेषेच्या तो पुष्कळ खाली राहतो. मात्र अंगणातील आंब्याचे झाड किंवा शेजारची इमारत आड येऊ शकते. म्हणून आकाशकाला उंच खांबाची नव्हे, तर आग्नेयेकडील मोकळ्या आकाशाची गरज असते.

थाळी सु. ११ गिगाहर्ट्झ कंप्रतेचे तरंग परावर्तित करून दांड्यावरील एलएनबी या भागावर एकवटते. तेथे कंप्रता कमी करून संकेत तारेने सेट टॉप बॉक्सकडे पाठविला जातो. घरगुती थाळीचा एलएनबी मध्यापासून खाली सरकलेला असतो; त्यामुळे थाळी प्रत्यक्ष दिशेपेक्षा बरीच उभी दिसते. तिच्या रोखात दोन-तीन अंशांची चूकही ग्रहण थांबविण्यास पुरेशी असते. मुसळधार पावसात हे तरंग शोषले जातात. अंकीय संकेत एका मर्यादेपर्यंत निर्दोष चित्र देतो. त्याखाली चित्राचे चौकोन होऊन ते गोठते.

विनामूल्यतेची मर्यादा : प्रेक्षकाला साधनांचा खर्च एकदाच करावा लागतो. खाजगी वाहिन्या मात्र या सेवेतील जागा ई-लिलावात शुल्क भरून घेतात आणि जाहिरातींतून तो खर्च काढतात. त्यामुळे कोणती वाहिनी टिकेल, हे प्रेक्षकाच्या हाती नसते. २०१९ मध्ये मोठ्या प्रक्षेपण कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या येथून काढून घेतल्या होत्या. दूरदर्शनच्या सह्याद्रीसारख्या सार्वजनिक वाहिन्या अशा लिलावावर अवलंबून नसतात. २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही पाठमाला सह्याद्रीवरून दाखविण्यात आली. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, त्यांना या सोयीचे मोल अधिक होते.

दूरदर्शनने जुनी सदृश भूपृष्ठीय प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने थांबविली. मार्च २०२२ अखेर सामरिक महत्त्वाच्या ठिकाणांचे सु. ५० प्रेषकच वगळण्यात आले. परिणामी खेड्यातील विनामूल्य ग्रहण मुख्यतः उपग्रहावर विसंबून आहे. डोंगराचा अडथळा दूर झाला आहे. थाळीत कोणते कार्यक्रम पडावेत, याचा निर्णय मात्र पूर्वीप्रमाणेच गावाबाहेर होतो.